चौदा सुया, दोन पोटं

परभणी जिल्ह्यातील तमाम सज्जनांस, दुर्जनांस आणि दोहोंच्या मधे अंग चोरून बसलेल्या आम्हा मास्तर मंडळींस अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते, की तालुक्याच्या दवाखान्यात पहिल्या सुईला जो किंचाळला, ज्याच्या किंचाळण्याने बाहेर लिंबाला बांधलेला बैल दावं तोडून पळाला, तो इसम शिवलिंगअप्पा किराणा दुकानदार नसून मी होतो. या बाबतीत आजवर मी पारावर, शाळेत, एसटीत आणि एका बारशात जे काही सांगितलं, ते सगळं रद्द समजावं.

झालं तुझं समाधान, अप्पा?

तू असतास तर शेंगदाणे पाखडता पाखडता म्हणाला असतास, "बैलाचं बी खोटंच हाय." हो, बैलाचंही खोटं. बैल नव्हताच. पण किंचाळी खरी होती आणि ती माझी होती. सुई आत जाताना तू नुसते डोळे मिटलेस, गळ्यातल्या लिंगावर हात ठेवलास आणि विचारलंस, "झालं?" गावाला मी उलटं सांगितलं. गाव हसलं. तूही हसलास. दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की तूच म्हणायचास, "गुरुजी, ते माझ्या किंचाळण्याचं सांगा की ह्येंना." स्वतःविषयीची खोटी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून इतक्या आवडीनं ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तुला मातीत ठेवून आज नववा दिवस. तिसरीच्या पोरांना पाढे म्हणायला लावतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. पोरं सतराच्या पाढ्यात चुकतात, मला ऐकू येतं, मी बोलत नाही. गाव वाट बघतंय. गुरुजी आता अप्पाची काहीतरी गोष्ट सांगणार, अशा तयारीनं लोक माझ्याशेजारी येऊन टेकतात. माझ्याजवळ एकच गोष्ट उरली आहे आणि तिच्यात कुठं हसायचं ते मला सापडत नाही.

म्हणून तुलाच सांगतो. तुला सगळी ठाऊक आहे असं तुला वाटत असेल. नाही. बरीचशी मी तुझ्यापासून लपवली.

कुत्र्यापासून सुरू करू. ठिपक्या तुझ्या दुकानापुढचा. तू त्याला रोज अर्धी भाकर घालायचास आणि वर म्हणायचास की तो माझा नाही, गल्लीचा आहे. त्या सकाळी गाडीवरून मिठाचं पोतं घसरलं. मी तुझ्या ओट्यावर तुझेच शेंगदाणे खात उभा होतो. पोतं पडलं, ठिपक्या केकाटला आणि त्यानं तुझी पोटरी धरली. आता खरं म्हणजे दोन पावलं मागं सरायचं. पण चार माणसं बघत होती ना! मी छत्री उपसून असा काही पुढं झालो, जणू किल्लाच घ्यायचा होता. ठिपक्यानं छत्री सोडली आणि माझा अंगठा घेतला.

मग मी ओरडलो, "पिसाळलं! कुत्रं पिसाळलं!"

अप्पा, हे ओरडायच्या आधी मी एकदाही त्याच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. लाळ होती का, डोळे कसे होते, काही नाही. जयंतीच्या नाटकात मी जो आवाज लावतो, ज्यानं मागच्या रांगेतली म्हातारी दचकून उठते, तोच आवाज लावला. पाच मिनिटांत काठ्या आल्या. तू जमिनीवर बसून पोटरी दाबून ओरडत होतास, "अरं मारू नगा त्येला! पोतं पडलं त्येच्या पायावर!" पण तुझा आवाज गिऱ्हाइकाशी बोलायचा. माझ्या आवाजापुढं तो कुणाच्या कानापर्यंत गेलाच नाही.

दवाखान्यात कंपाउंडर मिर्झाभाईंनी आपल्या जखमा साबणानं धुतल्या, औषधानं डागल्या आणि पहिलाच सवाल टाकला, "कुत्ता किधर हय?"

"मारला," मी छाती काढून म्हणालो.

"मार दिये?" मिर्झाभाईंनी कपाळावर हात मारला. "अरे गुरुजी, तुम तो पढेलिखे. उसकू बांद के रखते, दस दिन. दस दिन कुत्ता जिंदा रह्या तो सुई बंद, घर कू जाव. अब कौन बताएगा? कुत्ते का भूत?"

तू माझ्याकडे बघितलंस. काही बोलला नाहीस. त्या न बोलण्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत, ते आज मानतो.

तर असं ठरलं. चौदा दिवस, चौदा सुया, पोटावर, एक दिवस डावीकडं, एक दिवस उजवीकडं. काचेची पिचकारी एकच, सुई एकच, मधे उकळत्या पाण्यात एक बुडी. आधी मी, मग तू. तिसऱ्या दिवशी सदरा खाली ओढत तू म्हणालास, "गुरुजी, आता सोयरीक झाली बरं का. तुमच्या पोटातली सुई माझ्या पोटात."

तू हे सहज म्हणालास. मला सहज ऐकता आलं नाही. निजामाच्या अमलात आपण एकाच मौलवीसाहेबांकडं अलिफ-बे गिरवलं. तू सतरंजीवर, मी सतरंजी संपते तिथून पुढं, मातीवर. ते तू कधी काढलं नाहीस, मीही काढलं नाही. छप्पन सालानंतर माझ्या बापानं घरातले देव नदीला सोडले आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर लावायची ठरवली, तेव्हा तू दुकानातून खिळा घेऊन आलास आणि स्वतः ठोकलास. वाकडा ठोकलास. तसबीर अजून डावीकडं कलते. सोयरिकीचं ऐकल्यावर मला तुला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "सोयरीक झाली तर हुंडा काय देतोस?" तू हसलास. झालं, तो क्षण गेला. माझे असे बरेच गेले आहेत.

सुया टोचताना मिर्झाभाई आपल्याला शिकवायचेही. त्यांना शिकवायला आवडायचं आणि आपण दोघं सदरे वर करून बसलेलो, पळून जाणार कुठं? त्यांच्या बोलण्याचं सार असं, की पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतले जंतू जखमेतून शिरतात आणि नसांच्या वाटेनं डोक्याकडं चालू लागतात. धावत नाहीत, मुंगीच्या चालीनं जातात. एकदा डोक्यात पोचले की जगात औषध नाही. मग माणूस पाण्याला भितो, वाऱ्याला भितो आणि जातो. त्यांनी एक असा बघितला होता. त्याचं सांगताना त्यांनी पिचकारी खाली ठेवली. पण जंतू वाटेत आहेत तोवर आपल्याला वेळ असतो. सुईतून मेलेले जंतू अंगात सोडायचे. शरीर त्यांना न्याहाळतं, ओळख पक्की करतं आणि त्यांच्याशी लढणारी माणसं आतल्या आत तयार करतं. हे एका दिवसात होत नाही. म्हणून चौदा सुया. तिकडं जंतू चालतोय, इकडं शरीर शिकतंय. आधी कोण पोचतं, एवढाच खेळ.

परतीच्या एसटीत तू बोटांवर काहीतरी मोजत बसलास. मग विचारलंस, "मेलेल्या चोराला बघून जिता चोर कसा वळखायचा?"

"चेहरा तोच असतो की."

"आन् तसाच चेहरा दुसऱ्या कुणाचा निघाला तर? सज्जन माणसाचा? घरच्याच माणसाचा?"

आता मी मास्तर. बावीस वर्षं पोरांना शिकवतोय, मला उत्तर येत नाही असं म्हणायची सवय नाही. मी म्हणालो, "अप्पा, तू गुळाला लागलेले मुंगळे ओळख, शरीराचं शरीराला बघू दे." तू म्हणालास, "तसं न्हाई गुरुजी, माझा सवाल ऱ्हायला." तुझा सवाल खरोखरच राहिला. त्याच्याकडं मी येतो. आधी माझं दुसरं पाप सांगून घेऊ दे.

पाचव्या दिवशी तू बाहेर बाकावर बसला होतास आणि मी मिर्झाभाईंना विचारलं, की एवढे जंतू आणतात कुठून? ते म्हणाले, मेंढीच्या भेज्यात वाढवतात, मग मारतात, त्या भेज्याचंच हे पाणी. आणि तुझ्याकडं बोट करून हळूच म्हणाले, "उन के सामने नक्को बोलो. वाणी लोगां हय."

मला ही अशी गोष्ट द्यायची म्हणजे उंदराच्या ताब्यात खोबरं द्यायचं. मी ती एसटीपर्यंत कशीबशी जपली. गाडी नदीच्या पुलावर आली तेव्हा मी तुझ्या कानाशी वाकलो आणि मोठ्यानं "ब्याँऽऽ" केलं. सगळी गाडी वळून बघायला लागली. मग तुला सांगितलं. तू, ज्याच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी शिरलं नाही, त्या तुझ्या पोटात पाच दिवस मेंढीचा भेजा जातोय. लोक खोखो हसले. कंडक्टर म्हणाला, "अप्पा, मेंढीचं हाफ तिकीट फाडू का?"

तू हसला नाहीस.

दुसऱ्या दिवशी तू थांब्यावर आला नाहीस. मी एकटा गेलो. मिर्झाभाईंनी विचारलं आणि मी खोटं बोललो की लग्नाला गेलाय. तिसऱ्या दिवशीही तू आला नाहीस. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. मला ती मुंगी दिसायला लागली, तुझ्या पोटरीतून निघालेली, गुडघ्याशी आलेली. मी दुकानात आलो. तू आंघोळ करून, कपाळभर विभूती लावून बसला होतास.

"अप्पा, चल."

"न्हाई."

"अरे, मरशील."

"मरंन की. पण काय पोटात घिऊन मरायचं, ते तर माझं मी ठरवू का न्हाई?"

मग मी, जन्मात कुठल्या मठाची पायरी न चढलेला माणूस, तुमच्या मठात गेलो आणि स्वामींच्या पुढं उभा राहिलो. स्वामी म्हातारे, ऐकायला कमी. मी सगळं ओरडून सांगितलं. म्हणजे बाहेर बसलेल्या बायांनीही ऐकलं. स्वामींनी कानामागं हात धरून विचारलं,

"तोंडानं घेतलं का त्येनं?"

"नाही स्वामी, पोटावर सुई."

"चव कळली?"

"नाही."

"मग खाल्लं कुठं? खायला जीभ लागती." आणि काठी घेऊन उठले ते थेट तुझ्या दुकानात आले. तू पाया पडलास. त्यांनी तुझ्या पाठीत एक धपाटा घातला. "लिंग गळ्यात हाय तवर जप त्येला. गळाच न्हाई ऱ्हायला तर बांधशील कुठं? जा, सुई घे."

आठव्या दिवशी तू पुन्हा माझ्या शेजारी बसलास. राहिलेल्या सुया पुढं चालू झाल्या. त्या दिवशी मला इतका आनंद झाला, अप्पा, की मी मिर्झाभाईंनाही मिठी मारली. मी तुला परत आणलं होतं. हीच गोष्ट मी आठवडाभर गावात सांगत फिरलो. एका वाण्याला एका बौद्धानं मठाच्या मदतीनं मेंढीचा भेजा टोचून घ्यायला लावला! यापेक्षा भारी गोष्ट मला आयुष्यात मिळाली नव्हती.

आणि मग तो दिवस. माझी त्या दिवशी शेवटची, चौदावी सुई होती. तुझी खाड्यामुळं बारावीच होती, पुढचे दोन दिवस मी नुसता सोबतीला येणार होतो. एसटी खच्चून भरलेली. तू चप्पल काढून तळपाय चोळत होतास. म्हणालास, "गुरुजी, कालपासून पायात मुंग्या यायल्यात. दोन्ही बी. जमीन लागंना झाली पायाला."

मी म्हणालो, आणि मोठ्यानं म्हणालो, "मुंग्या नाहीत अप्पा, खूर फुटायलेत!"

गाडी हसली. या वेळी तूही हसलास. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि दवाखान्यात मिर्झाभाईंनी रोजच्यासारखं विचारलं, "कुछ तकलीफ?" तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस, तुला पुन्हा हसू आलं, आणि तू म्हणालास, "काय न्हाई."

बारावी सुई गेली. दुसऱ्या दिवशी तेरावी. तिसऱ्या दिवशी चौदावी. तू मिर्झाभाईंना शेंगदाणे आणि गूळ बांधून नेला होतास. गावात एसटीतून उतरताना तुझा पाय पायरीवरून निसटला. मी धरलं. तू म्हणालास, "झोप आली पायांना." सकाळी वहिनींचा निरोप आला, ह्येंना उभं ऱ्हाता येईना.

परभणीला नेताना रेल्वेत तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून होतास आणि मी तुला गोष्टी सांगत होतो. काय सांगितल्या, एकही आठवत नाही.

आता तुझा सवाल. परभणीच्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात घेऊन सांगितलं. तरुण माणूस, चष्मा सारखा पुसत होता. म्हणाला, "आपल्या नसांवर एक वेष्टन असतं, विजेच्या तारेवर असतं तसं. मेंढीच्या नसांवरही असतं आणि दोन्ही बऱ्यापैकी सारखी असतात. या औषधात मेलेल्या जंतूंबरोबर मेंढीच्या मेंदूचा अंश जातोच, तो पुरता वेगळा काढता येत नाही. बहुतेकांचं शरीर फक्त जंतूला ओळखायला शिकतं. एखाद्याचं मात्र त्या वेष्टनालाही शत्रू समजतं. आणि मग स्वतःच्या नसांवरचं वेष्टन त्याला तसंच दिसायला लागतं."

तसाच चेहरा. घरच्याच माणसाचा.

अप्पा, तू बरोबर तेच विचारलं होतंस. एसटीच्या बाकावर, मिठाच्या पोत्यांचा हिशेब करणाऱ्या डोक्यानं. ज्वारीच्या रानात राखणदार बसवावा, त्यानं पाखराला गोफण मारायची आणि मालकाचंच वासरू लोळवावं, तसं तुझ्या आत चाललं होतं. राखणदार प्रामाणिक होता. त्याला जे दाखवलं तेच तो शिकला. जरा जास्तच शिकला.

मी डॉक्टरांना विचारलं, "मला का नाही झालं? एकाच पेटीतलं औषध, एकच सुई."

"सांगता येत नाही."

"त्यानं मधे दोन दिवस खाडा केला म्हणून?"

"तसं वाटत नाही."

"मुंग्या आल्या त्याच दिवशी सांगितलं असतं तर?"

त्यानं चष्मा घातला. "राहिलेल्या सुया थांबवल्या असत्या."

"मग वाचला असता?"

"थांबवल्या असत्या, गुरुजी. एवढंच मला सांगता येतं."

मी आत आलो. तोवर तुझे हात जायला लागले होते. तू विचारलंस, "काय म्हणला डाक्टर? माझा सवाल बरोबर व्हता का?" तू डोळ्यांनी हसत होतास, पैज जिंकायची आहे अशा चेहऱ्यानं. तुझं शरीर तुझ्यावरच उठलं आहे हे मी तुला कोणत्या तोंडानं सांगणार होतो? मी म्हणालो, "डॉक्टरलाच कळंना झालंय, तुझं डोकं काय चालवतोस?" तू डोळे मिटून घेतलेस. बरोबर होता, अप्पा. तुझा सवाल शंभर टक्के बरोबर होता. एवढं म्हणायला मला चार शब्द लागले असते, आणि शब्दांची मला कधी टंचाई पडली नाही.

आणखी एक. तुझी छाती जड व्हायला लागली त्या दिवशी, दुपारी, तू मला विचारलंस, "तुमाला काय व्हत न्हाई ना? पायात, हातात?" मी मान हलवली. तू म्हणालास, "मंग बरं." खरंच बरं वाटल्यासारखं म्हणालास. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. हे सांगताना आवाज लावता येत नाही.

तीन आठवड्यांत तुला कुणाला बसवता आलं नाही. उशा लावल्या, वहिनींनी पाठीला पाठ लावली, तरी तू घसरायचास. आणि शेवटी तुमच्या रीतीनं तुला मातीत ठेवताना तू बसलास. नीट, मांडी घालून, कपाळावर विभूती, डाव्या तळहातावर लिंग, मांडीवर बेलाची पानं. दुकानात बसायचास तसा. मी माती टाकायला पुढं झालो तर स्वामींनी माझा हात धरला आणि मूठ स्वतःच्या हातानं उघडली, कारण ती माझ्याकडून उघडत नव्हती.

तुझ्यामागं गावात काय चाललंय तेही ऐक. तू गेलास त्याच आठवड्यात वस्तीवरच्या एका बाईला कुत्रं चावलं. घरचे म्हणाले, सुया नकोत, अप्पाचं काय झालं बघितलं ना. त्यांनी मांत्रिकाकडं न्यायची तयारी केली. मी गेलो. मी काय सांगणार होतो त्यांना? मी सदरा वर केला, पोटावरचे चौदा काळे डाग दाखवले आणि म्हणालो, मी जिवंत आहे. आधी कुत्रं बांधा, मारू नका, आणि बाईला दवाखान्यात न्या. तिला पायात मुंग्या आल्या, डोकं दुखलं, ताप आला, काहीही वाटलं तरी त्याच दिवशी कंपाउंडरला सांगा. हसू नका. एवढं सगळं मी एका दमात आणि एकही विनोद न करता बोललो, तर म्हातारा सासरा म्हणाला, "गुरुजी, तुमाला बरं न्हाई का?" बाई रोज दवाखान्यात जाते. कुत्रं बांधलेलं आहे, भाकर खातं. माझ्याकडून तुला दुसरं काही देता येण्यासारखं नव्हतं.

आणि तरी मला कळत नाही, अप्पा. ठिपक्या पिसाळलेला असेल तर त्या सुयांनीच मला वाचवलं. सुया घेतल्या नसत्यास तर मिर्झाभाईंनी पिचकारी खाली ठेवून सांगितलं तसं तुझं झालं असतं. आणि तो नुसता पायावर पोतं पडलेला कुत्रा असेल, तर तुझं काहीच व्हायचं कारण नव्हतं. माझ्या शरीराला हे ठाऊक असेल. माझ्या रक्तात ती लढणारी माणसं आता पहारा देत बसली असतील. शत्रू आला होता का, असं त्यांना विचारता येत नाही.

आता शेवटचं. तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी आलो ते सगळं कबूल करायचं ठरवूनच. ओसरीवर माणसं, आत बायका, मधे वहिनी भिंतीला टेकून. तुला ठेवल्यापासून त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी आत गेलो. बसून बोलता आलं असतं. मी उभा राहिलो.

"वहिनी," मी म्हणालो, "कुत्रं पिसाळलं म्हणून ओरडलो तो मी. त्याला मारलं ते माझ्यामुळं. मेंढीचं सांगून अप्पाला सुयांपासून तोडलं ते मी. मठात जाऊन त्याला परत त्याच सुयांकडं ओढून नेलं ते मी. पायात मुंग्या आल्या म्हणून तो सांगत होता, त्याचं हसू केलं ते मी. माझ्या हसण्यापायी तो मिर्झाभाईंपुढं गप्प राहिला. वहिनी, अप्पाला त्या औषधानं नाही मारलं. अप्पाला मी मारलं!"

माझा आवाज चढत गेला होता. ओसरीवरची माणसं दारात आली होती. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. अप्पा, तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय म्हणून सांगतो: त्या क्षणी मला कळत होतं, की मी फार चांगलं बोलतोय.

वहिनींनी मान वर केली. त्यांचा आवाज फुटला तो अख्ख्या गल्लीला ऐकू गेला.

"सगळं तुमचंच का हो, गुरुजी? ह्येंचं मरण तरी आमचं ऱ्हाऊ द्या!"